ड्राफ्टच्या अखेरच्या क्रमांकांतून संघ बांधताना

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा राष्ट्रीय ड्राफ्ट दर नोव्हेंबरात होतो, तेव्हा वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर चर्चा असते ती पहिल्या दहा-पंधरा मुलांची. पुढे चाळिसाव्या, पन्नासाव्या, साठाव्या क्रमांकावर ज्यांची नावे पुकारली जातात, त्यांच्याविषयी त्या रात्री दोन वाक्ये बोलली गेली तरी पुष्कळ झाले. मेलबर्नमधल्या एका क्लबच्या खेळाडू-निवड विभागात मी विश्लेषक म्हणून काम करते आणि एका हंगामात आमच्या हाती केवळ हेच अखेरचे क्रमांक उरले होते. त्या वर्षभरात आम्ही काय पाहिले, कशावर वाद घातले आणि शेवटी कोणाला का घेतले, ते येथे मांडत आहे. क्लबचे आणि आमच्या खेळाडूंचे नाव देणे मला शक्य नाही. ज्यांची कारकीर्द जगजाहीर आहे त्यांची नावे मात्र जेथे लागतील तेथे दिली आहेत.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत वेगळी वाटेल. येथे खेळाडूवर पैशांची बोली लागत नाही. १९८६ पासून चालत आलेल्या या ड्राफ्टमध्ये सर्व क्लब ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. गुणतक्त्यात जो तळाला राहिला त्याला प्रथम, विजेत्याला सर्वांत शेवटी संधी मिळते, आणि सगळे एकदा निवडून झाले की पुन्हा पहिल्यापासून दुसरी फेरी सुरू होते. एकूण वेतनावर कमाल मर्यादा असल्याने श्रीमंत क्लबाला वाटेल तेवढे तारे विकत घेऊन ठेवता येत नाहीत. निवडीचे क्रमांक मात्र ऑक्टोबरातल्या देवाणघेवाणीच्या काळात खेळाडूंच्या बदल्यात देता-घेता येतात, आणि २०१५ पासून पुढच्या वर्षाचे क्रमांकही असे देता येऊ लागले. आमच्या क्लबने आदल्या वर्षी एका अनुभवी फॉरवर्डसाठी पुढची पहिली फेरी देऊन टाकली होती, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दुसरी फेरीही गेली, आणि संघ वरच्या स्थानी असल्याने उरलेले क्रमांक चाळिशीच्या अखेरीस एक, साठीच्या जवळ एक आणि त्याखेरीज रूकी यादीतली, म्हणजे मुख्य यादीला जोडलेल्या शिकाऊ खेळाडूंच्या यादीतली, एक जागा एवढेच होते.

अशा क्रमांकांवर विश्वास ठेवायला इतिहासात आधार भरपूर आहे. एसेंडनने १९९० मध्ये जेम्स हर्डला ७९व्या क्रमांकावर घेतले आणि १९९६ मध्ये त्याने हंगामातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक विभागून मिळवले. कॉलिंगवुडने २००१ मध्ये ५८व्या क्रमांकावर घेतलेल्या डेन स्वॉनने दहा वर्षांनी तेच पदक जिंकले. तरी माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण जिलाँगच्या १९९९च्या ड्राफ्टचे आहे: पॉल चॅपमन ३१, कॅमरन लिंग ३८ आणि कोरी एनराइट ४७. जिलाँगने १९६३ नंतर थेट २००७ मध्ये विजेतेपद मिळवले, ते पोर्ट ॲडलेडला ११९ गुणांनी हरवून, आणि पुढे २००९ व २०११ मध्येही. त्या तिन्ही संघांत हे तिघे होते. त्यांपैकी चॅपमन २००९च्या अंतिम सामन्यात सर्वोत्कृष्ट ठरला, लिंगने २०११च्या संघाचे नेतृत्व केले आणि एनराइट ३३२ सामने खेळून निवृत्त झाला. एकाच रात्री, एकाच क्लबने, पहिल्या तीस क्रमांकांच्या बाहेरून एका सुवर्णकाळाचे तीन खांब मिळवले, आणि याला केवळ नशीब म्हणता येत नाही.

पण याच इतिहासातून चुकीचा धडाही सहज घेतला जातो. हर्ड आणि स्वॉन यांची नावे लक्षात राहतात, कारण ते टिकले. त्यांच्या आगेमागे निवडलेली बहुतेक मुले दोन वर्षांचा करार संपल्यावर, काही तर वरच्या श्रेणीत एकही सामना न खेळता, यादीतून वगळली गेली. मी जुन्या ड्राफ्टच्या नोंदी मांडून बसले तेव्हा दिसले ते असे, की पहिल्या फेरीत यशाची शक्यता क्रमांकागणिक झपाट्याने खाली येते, आणि चाळिशीनंतर तो उतार जवळपास सपाट होतो. म्हणजे पाचवा आणि पंधरावा यांत मोठे अंतर आहे, पण पंचेचाळिसावा आणि साठावा यांत फारच थोडे. माझ्या साऱ्या कामाचा पाया ही गोष्ट ठरली. ज्या टप्प्यावर क्रमांकाला स्वतःची अशी किंमत उरत नाही, तेथे क्लबाचे स्वतःचे मत हीच किंमत असते. पहिल्या पाच मुलांविषयी साऱ्या क्लबांचे अंदाज जवळपास जुळतात. पन्नासाव्या मुलाविषयी अठरा क्लबांच्या अठरा याद्या असतात. म्हणून ‘उरलेल्यांत सर्वांत चांगला कोण’ हा प्रश्न तेथे निरुपयोगी आहे आणि ‘आमच्या यादीत कोणत्या कामासाठी माणूस हवा आहे, आणि ते एक काम कोण उत्तम करतो’ हा विचारण्याजोगा.

यादीत चाळीसच्या आसपास खेळाडू असतात आणि मैदानावर एका वेळी अठरा. मार्च महिन्यात आम्ही जागा आणि वय यांचा एक तक्ता केला: आडवे बचाव, मध्य, आक्रमण आणि रक, उभी वयाची वर्षे. तक्ता समोर आला तेव्हा ज्या गोष्टी नुसत्या बोलण्यात होत्या त्या डोळ्यांना दिसू लागल्या. प्रतिस्पर्ध्याच्या चपळ फॉरवर्डला जखडून ठेवणारे आमचे दोन्ही बचावपटू तिशी ओलांडलेले होते आणि त्यांच्यामागे कोणीच तयार नव्हते. रकच्या जागी, म्हणजे वर उसळलेल्या चेंडूवर उंच झेप घेऊन तो आपल्या माणसाकडे ढकलणाऱ्याच्या जागी, एक उत्तम खेळाडू आणि मागे मोकळी जागा. मध्यभागी मात्र तरुण मुलांची गर्दी होती. त्यामुळे साठाव्या क्रमांकावर कितीही गुणी मिडफिल्डर शिल्लक राहिला तरी तो आमच्याकडे दोन वर्षे राखीव संघात खेळून निघून जाईल हे स्पष्ट होते, आणि तसे होणे त्या मुलावरही अन्याय करणारे असते असे मला वाटते.

एप्रिलपासून प्रत्यक्ष पाहणे सुरू झाले. व्हिक्टोरियातल्या अठरा वर्षांखालील मुलांची टॅलेंट लीग, आणि त्याच्या जोडीला प्रौढांच्या तीन मोठ्या राज्य-लीग: व्हिक्टोरियाची व्हीएफएल, दक्षिण ऑस्ट्रेलियाची एसएएनएफएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाची डब्ल्यूएएफएल. दूरच्या लीगचे सामने मी चित्रफितींवर पाहत असे आणि जवळच्यांना आमच्या ज्येष्ठ स्काउटबरोबर जात असे. ते गृहस्थ जवळजवळ कधीही चेंडूकडे पाहत नसत. आपल्या खेळाडूपासून चेंडू शंभर मीटर दूर असताना तो काय करतो, उभा राहतो, चालतो की पुढची जागा हेरून धावू लागतो, एवढेच ते टिपून ठेवत. कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल पाहत मी वाढले. तेथेही शेजारी बसणारे जाणते प्रेक्षक चेंडूविना धावणाऱ्याची तारीफ करत, त्यामुळे ही नजर मला अगदीच परकी नव्हती. पण या खेळात मैदान एवढे प्रशस्त आणि लंबगोल असते, की चेंडूविना धावण्यातच खेळाडूचा बहुतेक सामना जातो आणि ते धावणे आकड्यांत सहज उतरत नाही.

विल्यमस्टाउनचे मैदान समुद्राला लागून आहे आणि तेथे वारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे असा वाहतो, की कित्येकदा सामन्याच्या चार पाव-डावांपैकी दोन एका संघाचे आणि दोन दुसऱ्याचे होतात. अशा दिवशी कोणी किती वेळा चेंडू हाताळला याच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. वाऱ्याविरुद्ध खेळताना कोणी चेंडू जमिनीलगत ठेवून शांतपणे बाहेर काढला, हे मात्र पाहण्यासारखे असते. एकूण हाताळणीच्या संख्येवर मी आधीपासूनच फार विसंबत नव्हते. बचावपटूसाठी मी हवेतून अडवलेले चेंडू, एकास एक झुंजीत हरलेल्या वेळा आणि चेंडू सुटल्यावर लगेच केलेला दुसरा प्रयत्न या तीन गोष्टी मोजत असे. तिसरी गोष्ट कोणत्याही अधिकृत तक्त्यात नसते. ती चित्रफीत मागेपुढे करून हाताने मोजावी लागते.

एखादा चांगला मुलगा पन्नासाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक का राहतो, हे शोधणे या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. त्याच्यात काही उणीव असते म्हणूनच तो राहतो, हे उघड आहे. ती उणीव कायमची आहे की परिस्थितीची, एवढेच ठरवायचे असते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे सबंध हंगाम बुडालेल्या मुलाला कोणी फारसे पाहिलेलेच नसते. ड्राफ्टच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण झालेली असली की मुलगा पात्र ठरतो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत उभे राहतात, आणि त्या वयात अकरा महिन्यांत शरीर किती बदलते हे कोणत्याही घरात ठाऊक असते. कोणी उशिरा उंच होतो आणि नव्या उंचीला पाय सरावेपर्यंत वर्षभर अडखळतो. या उणिवा काळाने भरून येतात. हातून सुटलेला चेंडू पुन्हा मिळवायला न धावणे ही सवय मात्र मी कोणातही काळाने गेलेली पाहिली नाही, आणि तशी टिपणे असलेली नावे आम्ही कितीही वेगवान पाय असले तरी यादीतून काढली.

प्रौढ लीगमधल्या खेळाडूंविषयी आमच्या बैठकींत खरा वाद झाला. अठरा वर्षांच्या मुलात पुढे किती वाढ होईल ही आशा असते. तेवीस वर्षांच्या माणसात ती आशा कमी, पण तो मोठ्यांच्या अंगाला अंग भिडवून खेळलेला असतो, त्याची सहनशक्ती आणि शिस्त माहीत असते. जिलाँगने २०१६ मध्ये टॉम स्ट्युअर्टला ४०व्या क्रमांकावर घेतले तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता; तो पुढे लीगमधल्या अव्वल बचावपटूंत गणला गेला आणि २०२२च्या विजेत्या संघात होता. मॅट प्रिडिस वेस्ट कोस्टकडे रूकी म्हणून आला आणि २०१४चे ब्राउनलो पदक घेऊन गेला. रिचमंडने २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यात होणाऱ्या ड्राफ्टमधून साउथ फ्रीमँटलचा सत्तावीस वर्षांचा मार्लियन पिकेट घेतला आणि त्याला थेट अंतिम सामन्यात पदार्पण करायला उतरवले. १९५२ नंतर अंतिम सामन्यात पदार्पण करणारा तो पहिलाच, आणि रिचमंड ८९ गुणांनी जिंकले. विभागातल्या काहींचे म्हणणे असे, की प्रौढ खेळाडू घेणे म्हणजे आजची भोके बुजवणे आणि उद्याचा विचार सोडणे. माझे मत उलट होते आणि आजही आहे: यादीत आज जर भोक असेल, तर त्या जागी अननुभवी मुलाला वेळेआधी उभे करावे लागते आणि त्याचाच उद्या बिघडतो.

सप्टेंबरात आमच्या यादीवर तीन प्रकारची नावे उरली. व्हीएफएलमधला एक बचावपटू, जो दिवसा विजेच्या जोडणीचे काम शिकत होता आणि संध्याकाळी सरावाला येत होता. ग्रामीण भागातला डिसेंबरात जन्मलेला, डाव्या पायाने अचूक लांब चेंडू देणारा हाफ-बॅक, म्हणजे बचावातून आक्रमण सुरू करणारा खेळाडू. आणि बास्केटबॉल सोडून दोनच वर्षांपूर्वी या खेळात आलेला एक उंच, अजून कच्चा रकमन. रकची वाढ संथ असते हे सर्वमान्य आहे. ॲरन सँडिलँड्स आणि डीन कॉक्स हे दोघेही रूकी यादीतून आले, मॅक्स गॉन २००९ मध्ये ३४व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि या प्रत्येकाला पूर्ण घडायला कित्येक हंगाम लागले. त्यामुळे रकमनसाठी राष्ट्रीय ड्राफ्टमधला क्रमांक खर्च न करता रूकीची जागा ठेवावी, हे लवकर ठरले. बचावपटूच्या मालकाशी, म्हणजे ज्याच्या हाताखाली तो विजेचे काम शिकत होता त्यांच्याशी, ज्येष्ठ स्काउट स्वतः बोलले. तो पहाटे वेळेवर येतो का आणि चुकलेले काम न सांगता पुन्हा करतो का, हे दोनच प्रश्न त्यांनी विचारले, आणि दोन्हींची उत्तरे आमच्या टिपणांशी जुळली.

ऑक्टोबरअखेर माझे काम हिशेबाचे झाले. ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबाकडून किमान शंभर सामने खेळले आहेत, त्या मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क असतो. पण दुसऱ्या क्लबाने त्याचे नाव पुकारले तर तेवढ्या किमतीचे क्रमांक मोजून तो मिळवावा लागतो. त्यासाठी २०१५ पासून क्रमांकांना गुण ठरवलेले आहेत, आणि २०२४ पर्यंत ते असे होते: पहिल्याला ३०००, विसाव्याला ९१२, चाळिसाव्याला ४२९, साठाव्याला १४६. कॉलिंगवुडने २०२१ मध्ये निक डेकॉसला असे मिळवले. चौथ्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले गेले, त्याचे २०३४ गुण, हक्काच्या क्लबाला मिळणारी २० टक्के सूट वजा जाता १६२७. कॉलिंगवुडने ३८, ४०, ४२ आणि ४४ हे क्रमांक दिले, ज्यांची बेरीज १६५१ भरते. अखेरच्या क्रमांकांची चलन म्हणून एवढी मागणी असे याचे कारण हे होते, आणि त्याचा परिणाम असा होतो, की असे क्रमांक एकदा मोजले गेले की ते त्या जागेवरून नाहीसे होतात व त्यांच्यामागे उभे असलेले क्लब पुढे सरकतात. मी लिहिते आहे त्या हंगामात २० टक्के सूट होती. २०२५ पासून ती १० टक्क्यांवर आणली गेली. आमचा साठीजवळचा क्रमांक प्रत्यक्षात कोठे येईल, याचे वेगवेगळ्या शक्यतांचे तक्ते मी केले आणि बहुतेकांत तो पाच-सहा जागा पुढे येत होता. त्यामुळे बचावपटू आपल्याला दुसऱ्या निवडीतही मिळेल, हा भरवसा वाटू लागला.

ड्राफ्टच्या रात्री भिंतीवरच्या फळ्यावर साऱ्या पात्र खेळाडूंच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या लावलेल्या असतात आणि नाव पुकारले गेले की पट्टी काढून त्या क्लबाच्या रकान्यात जाते. आमची पाळी येण्याच्या थोडे आधी एका क्लबाकडून फोन आला. २०१८ पासून चालू ड्राफ्टमध्येही क्रमांकांची अदलाबदल करता येते. आमचा चाळिशीतला क्रमांक त्यांना हवा होता आणि बदल्यात पन्नाशीतला एक व पुढच्या वर्षाची तिसरी फेरी ते देत होते. मघाशी सांगितलेल्या सपाट उताराचा उपयोग झाला तो येथे. मधल्या जागांवर निवडणाऱ्या क्लबांच्या गरजा मी एकामागून एक वाचून दाखवल्या. त्यांतल्या कोणालाही हाफ-बॅकची निकड नव्हती, एकाला कदाचित. आमच्या प्रमुखांनी क्षणभर फळ्याकडे पाहिले आणि होकार दिला. मधल्या काळात ज्या एका क्लबाची भीती होती त्याने रकमन घेतला, आमचा नव्हे, दुसरा. हाफ-बॅक आम्हाला मिळाला. त्यानंतर काही क्लबांनी आपली निवड सोडून दिली, कारण त्यांच्या याद्या भरल्या होत्या, आणि आमच्या शेवटच्या पाळीला बचावपटूची पट्टी अजून फळ्यावरच होती. कच्चा रकमन पुढे रूकी म्हणून आला.

पुढचे वर्ष मला निवडीच्या रात्रीपेक्षा महत्त्वाचे वाटते. बचावपटू हंगामाच्या मध्यावर, एका तिशीतल्या खेळाडूच्या मांडीचा स्नायू दुखावल्यावर, वरच्या संघात आला आणि जागेवर राहिला. तो विशेष काही करत नाही, समोरच्याला काही करू देत नाही. हाफ-बॅक पहिले वर्ष पूर्णपणे व्हीएफएलमध्ये खेळला आणि त्याला तेथे रोज एकच गोष्ट करायला सांगितली होती: दबावाखाली उजव्या पायाने चेंडू द्यायचा. त्याच्या डाव्या पायासाठी त्याला घेतले असताना असे का, हा प्रश्न प्रेक्षकांतून येत असे, पण प्रतिस्पर्धी त्याला डावीकडे वळू देईनात तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. उशिराच्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूला असे ठरावीक काम आणि ते शिकवणारा एक ठरावीक प्रशिक्षक न दिल्यास निवडीचे सारे श्रम वाया जातात. या बाबतीत क्लब अजूनही पुरेसे करत नाहीत असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या फेरीच्या मुलामागे चार माणसे असतात आणि साठाव्यामागे अर्धा, जेव्हा गरज नेमकी उलटी असते.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रकमनचा करार वाढवायचा की नाही यावर बैठक झाली. त्याने वरच्या श्रेणीत तोवर एकही सामना खेळला नव्हता, पाठीच्या दुखण्याने पहिल्या वर्षाचा बराच भाग गेला होता, आणि त्याची जागा मोकळी केली तर दुसरा कोणी घेता आला असता. मी त्याच्या राखीव संघातल्या सामन्यांची चित्रफीत महिन्यागणिक लावून दाखवली: मे महिन्यात तो उडी मारून चेंडू नुसता हाताने मारत होता, जुलैपर्यंत तो कोणाच्या पुढ्यात टाकायचा हे उडी मारण्याआधी पाहू लागला होता. काहींना तेवढे पुरेसे वाटले नाही. शेवटी त्याला आणखी एक वर्ष देण्याचे ठरले, आणि जुना रकमन आठवड्यातून दोन सकाळी फक्त त्याच्याबरोबर सराव करील अशी अट त्या निर्णयाला जोडून घेण्यात आली.  त्याच बैठकीत तक्ता पुन्हा उघडला गेला आणि या वेळी रिकामा दिसला तो छोट्या फॉरवर्डचा रकाना.